गुदाशयाचा कॅन्सर: पोट उघडून, दुर्बिणीतून की रोबोने?

पुण्या-मुंबईतच काय, नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या चौकांतही आता रोबोटिक सर्जरीचे फलक दिसतात. यंत्राचे लांब हात, हसरे डॉक्टर आणि खाली ‘कमी वेदना, लवकर घरी’ अशी ओळ. एरवी त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मात्र घरातल्या माणसाच्या बायोप्सीत आतड्याचा कॅन्सर निघाला की आठवडाभरात ही सगळी नावं अंगावर येतात. एक सर्जन पोट उघडून करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून, तिसऱ्या रुग्णालयात रोबोच्या खर्चाचा कागद हातात पडतो. नातेवाइकांत कुणी म्हणतं, जुनी पद्धतच खात्रीची. कुणी म्हणतं, पैशाकडे बघू नका, सगळ्यात नवं असेल ते करा. दोघांनाही रुग्णाची मनापासून काळजी असते, आणि दोघंही आधी विचारायचा प्रश्न सोडून पुढचा सोडवत असतात.

कोणत्या यंत्राने काढायचं, हे नंतर. आधी हे समजून घ्यायला हवं की आतून काय काढायचं आहे आणि ते किती अखंड बाहेर यायला हवं. एवढं कळलं, तर तिन्ही सर्जनांशी बोलणं सोपं होतं. गेल्या ३० वर्षांत हजारो रुग्णांवर झालेल्या चाचण्यांनी काय शोधलं, हेही त्यावरूनच कळतं.

नेमकं काय काढतात?

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. वरचं आतडं पोटाच्या मोकळ्या जागेत असतं, तिथे सर्जनच्या हाताला वाव मिळतो. गुदाशय मात्र कमरेच्या हाडांच्या पोकळीत खोल बसलेला असतो. पुढे मूत्राशय आणि पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत गर्भाशय आणि योनीमार्ग. मागे माकडहाड. दोन्ही बाजूंनी लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या बारीक नसा. पुरुषांची ही पोकळी स्त्रियांपेक्षा अरुंद असते, आणि माणूस अंगाने जाड असेल तर आत काम करायला जागा आणखी कमी उरते. या लेखात मी गुदाशयावर भर देणार आहे तो यासाठीच. पद्धतीपद्धतींमधला फरक सर्वांत जास्त जाणवतो तो इथे.

गाठ आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होते. पण कॅन्सरच्या पेशी तिथेच थांबत नाहीत. गुदाशयाभोवती चरबीचं जाड आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) याच आवरणात असतात, आणि बाहेर पडलेल्या पेशी बहुतेक वेळा आधी इथेच अडकतात. म्हणून गाठीबरोबर हे आवरणही काढावं लागतं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हेच ठामपणे मांडलं. तोपर्यंत बरेच सर्जन हाताने चाचपत गुदाशय मोकळा करत. आवरण फाटे, त्याचे तुकडे मागे राहत आणि कॅन्सर त्याच जागी परत येई. हील्ड यांनी दाखवून दिलं की या आवरणाच्या बाहेरून, त्याच्या आणि शेजारच्या अवयवांच्या मधून, जाळीसारखा एक सैल थर जातो. डोळ्यांनी नीट बघत त्या थरातून गेलं तर आवरण अखंड निघतं, नसा वाचतात आणि रक्तही फारसं जात नाही.

उकडलेलं अंडं सोलताना हा अनुभव आपण सगळेच घेतो. कवचाखालचा पातळ पापुद्रा सापडला की कवच सहज सुटतं आणि अंडं गुळगुळीत निघतं. पापुद्रा चुकला की पांढऱ्या भागाचे लचके निघतात. ऑपरेशननंतर पॅथॉलॉजिस्ट काढलेल्या भागाकडे याच नजरेने बघतो: पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खड्डे पडलेत? शिवाय कापलेल्या कडेपासून कॅन्सर किती लांब आहे, हे तो मोजतो. अंतर १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कडा ‘पॉझिटिव्ह’ धरतात. म्हणजे पेशी आत राहिल्याची शक्यता, आणि आजार त्याच जागी उलटण्याचा धोका.

हील्ड यांच्या आधी त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण अनेक ठिकाणी २० ते ४० टक्के होतं. ही पद्धत नीट शिकवली गेली तिथे ते १० टक्क्यांच्या खाली आलं. लक्षात घ्या, हे सगळं पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांमध्ये झालं. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. कुठून जायचं ते कळलं होतं, एवढंच.

दुर्बिणीतून म्हणजे काय करतात?

पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात. आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, म्हणजे काम करायला जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. सर्जन समोरच्या पडद्याकडे बघत काम करतात. आतडं मोकळं झालं की एका जागी चार-सहा सेंटिमीटरचा छेद घेऊन ते बाहेर काढतात. म्हणजे छेद द्यावाच लागतो, फक्त तो छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत जात नाही.

या तंत्राशी मुंबईचं नातं जुनं आहे. डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये तिथेच भारतातलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन केलं. त्याच वर्षी अमेरिकेत मायामीला मोइझेस जेकब्स यांनी दुर्बिणीच्या मदतीने मोठ्या आतड्याचा भाग काढला. पित्ताशयाच्या बाबतीत ही पद्धत काही वर्षांत सगळीकडे पोचली. कॅन्सरच्या बाबतीत मात्र गाडी मध्येच अडली.

‘वायू भरल्याने कॅन्सर पसरत नाही का?’

ही शंका आजही कानावर येते आणि ती निराधार नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही रुग्णांमध्ये दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागीच कॅन्सरच्या गाठी उगवल्या. १९९४ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या एका टिपणात तर १४ पैकी ३ रुग्णांना असं झालेलं होतं. वायूच्या दाबाने पेशी उडत असतील का, अशी भीती सर्जनांना वाटली. ‘चाचणीबाहेर हे ऑपरेशन करू नका’ अशी भूमिका अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेने घेतली. मला हा काळ वैद्यकाच्या इतिहासातल्या चांगल्या काळांपैकी एक वाटतो. रुग्णांकडून मागणी होती, कंपन्यांची हत्यारं तयार होती, तरी लोक थांबले आणि त्यांनी आधी मोजलं.

मोजणी अशी झाली: रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करायची, एका गटाचं पोट उघडायचं, दुसऱ्याचं दुर्बिणीतून करायचं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवायचा. अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे सारखंच. जखमेच्या जागी गाठ येण्याचं प्रमाण दोन्हीकडे १ टक्क्याहून कमी. रुग्णालयातला मुक्काम दुर्बिणीच्या गटात एक दिवसाने कमी.

मग आधीच्या त्या गाठी कशामुळे? गाठ धरताना ती फाटणं, छिद्रातून उघडीच बाहेर ओढणं, हात न बसलेला असणं, अशी कारणं पुढे आली. आज आतडं बाहेर काढताना छेदाला प्लास्टिकचं आवरण लावतात, म्हणजे गाठीचा जखमेला स्पर्श होत नाही. वरच्या मोठ्या आतड्यापुरता हा वाद मिटला आहे. अनुभवी सर्जन असेल आणि आतडं पूर्ण अडलेलं किंवा फुटलेलं नसेल, तर दुर्बिणीतून करणं सुरक्षित आहे आणि रुग्णाला सुसह्यही.

‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो’ हेही अजून गावोगाव ऐकू येतं. त्या भीतीने महिने वाया जातात आणि त्या महिन्यांत आजारच पसरतो. या आजारातून बऱ्या झालेल्या बहुसंख्य लोकांच्या उपचारात ऑपरेशन होतंच.

गुदाशयात दुर्बीण कमी पडते का?

इथे उत्तर सरळ नाही.

हत्यारं सरळ दांड्याची असतात आणि पोकळी खाली अरुंद होत जाते. अगदी तळाशी, जिथे आवरण पातळ होतं, तिथे सरळ दांडा वळत नाही. ब्रिटनमधल्या चाचणीत १९९६ ते २००२ दरम्यान दुर्बिणीने सुरू केलेल्या गुदाशयाच्या ऑपरेशनांपैकी ३४ टक्क्यांमध्ये शेवटी पोट उघडावं लागलं. ती सुरुवातीची वर्षं होती, सर्जन शिकत होते. पुढे युरोप, कॅनडा आणि दक्षिण कोरियातल्या ३० रुग्णालयांनी मिळून १,०४४ रुग्णांची चाचणी केली. तीन वर्षांनी त्याच भागात आजार परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत अगदी सारखं निघालं, ५ टक्के.

प्रश्न सुटला असं वाटत असतानाच २०१५ मध्ये दोन चाचण्यांनी वेगळं सांगितलं. यात कॅन्सर परत आला का, हे बघण्याआधी काढलेला भाग किती चांगला आहे हे बघितलं होतं: आवरण अखंड, कडा मोकळ्या. अमेरिकेत पोट उघडलेल्या गटात ८६.९ टक्के ऑपरेशनं या कसोटीला उतरली, दुर्बिणीच्या गटात ८१.७ टक्के. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८९ विरुद्ध ८२. फरक लहान आहे, पण ‘दुर्बीण कमी नाही’ असं छातीठोक सांगता येण्याइतका लहान नाही. पुढे याच रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हा आजार उलटण्यात ठोस फरक दिसला नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं? निवडक रुग्ण आणि सरावलेला सर्जन असेल तर गुदाशयातही दुर्बीण चालते. पण गाठ मोठी असेल, शेजारच्या अवयवाला चिकटलेली असेल किंवा पोकळी फारच अरुंद असेल, आणि सर्जन ‘मी पोट उघडून करतो’ म्हणत असतील, तर ते मागासलेले आहेत असा अर्थ काढू नका. ते कडांचा विचार करत आहेत.

रोबो स्वतः ऑपरेशन करतो का?

नाही. हा गैरसमज फलकांमुळे होतो. छिद्रं तीच, वायू तोच, कॅमेरा तसाच. फरक इतकाच की हत्यारं यंत्राच्या हातांना जोडलेली असतात आणि सर्जन थोड्या अंतरावर बसून ती चालवतात. सर्जननी बोटं हलवली तर आत हत्यार हलतं, थांबवली तर थांबतं. स्वतःच्या बुद्धीने ते काही कापत नाही.

फायदे खरे आहेत. हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं, हाताची थरथर गाळली जाते, चित्राला खोली असते, आणि कॅमेरा धरून कंटाळलेल्या मदतनिसाचा हात हलत नाही. अरुंद पोकळीच्या तळाशी याचा उपयोग होईल हे उघड वाटतं. तोटाही आहे. बहुतेक यंत्रांत सर्जनना ओढ किंवा ताण हाताला जाणवत नाही, तो डोळ्यांनी ओळखावा लागतो. दा विंची हे यंत्र अमेरिकेत २००० मध्ये मंजूर झालं आणि दीर्घकाळ तेच एकटं होतं. आता डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीचं ‘मंत्र’ हे भारतात बनलेलं यंत्रही वापरात आहे.

उघड वाटणारी गोष्ट मोजून बघितल्यावर काय झालं? दहा देशांतल्या ४७१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के आणि रोबोत ८.१ टक्के होतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून रोबो सरस असल्याचं सिद्ध झालं नाही. खर्च मात्र नक्की वाढला.

त्यानंतर चीनमधल्या ११ रुग्णालयांनी त्याहून मोठी चाचणी केली. गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागात गाठ असलेले जवळजवळ १,२०० रुग्ण, आणि दोन्ही पद्धतींत मुरलेले सर्जन. कडा पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण दुर्बिणीत ७.२ टक्के, रोबोत ४ टक्के. तीन वर्षांनी त्या भागात आजार परत आलेले दुर्बिणीच्या गटात ४ टक्के आणि रोबोच्या गटात १.६ टक्के. हे आकडे मी हलके मानत नाही. खालच्या गुदाशयात, अरुंद पोकळीत, सरावलेल्या हातात रोबोचा खरा फायदा असल्याचा हा आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

पण त्या वाक्यातल्या अटी गाळून उरलेलं वाक्य फलकावर लावता येत नाही. वरच्या आतड्याच्या गाठीसाठी रोबो घेतला तर कॅन्सर बरा होण्याची शक्यता वाढते, असं या चाचणीतून कळत नाही. आणि कालच यंत्र आणलेल्या रुग्णालयातल्या, हात बसायच्या वाटेवर असलेल्या सर्जनकडे हे आकडे मिळतील, असंही कळत नाही.

नॉर्वेत काय घडलं?

हात बसायचा आहे म्हणजे काय, हे नॉर्वेच्या अनुभवातून सर्वांत स्पष्ट दिसतं.

गुदाशयाचा तळ वरून गाठणं अवघड, मग खालून का जाऊ नये? या विचारातून २०१० च्या सुमारास एक पद्धत पुढे आली. गुदद्वारातून नळी घालून, गाठीच्या खाली आतडं आतून गोल टाक्याने बंद करायचं, तिथून कापायला सुरुवात करायची आणि वर दुर्बिणीने काम करणाऱ्या दुसऱ्या चमूला जाऊन मिळायचं. तिचं प्रचलित नाव ‘टा-टीएमई’, म्हणजे गुदद्वारातून जाऊन मेसोरेक्टम पूर्ण काढणं. बार्सिलोनासारख्या केंद्रांतले सुरुवातीचे अनुभव उत्तम होते. जगभरातले सर्जन ती शिकायला धावले.

नॉर्वेत ती २०१४ मध्ये सुरू झाली. या देशात एक खास गोष्ट होती. हील्ड यांची पद्धत शिकवण्यासाठी तिथे १९९३ मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली होती आणि तेव्हापासून देशातल्या प्रत्येक गुदाशयाच्या कॅन्सरच्या रुग्णाची नोंद ठेवली जात होती. त्यामुळे एरवी वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेल्या आणि कुणाच्याच डोळ्यांवर आल्या नसत्या अशा गोष्टी एकत्र दिसल्या. नव्या पद्धतीने ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांत कॅन्सर लवकर, आणि पोकळीत एकाच वेळी अनेक ठिकाणी परत येत होता. हे नेहमीचं चित्र नव्हतं.

देशभरच्या १५७ रुग्णांची तपासणी झाली. जवळजवळ अडीच वर्षांत त्या भागात आजार उलटण्याचं अंदाजित प्रमाण ११.६ टक्के निघालं. राष्ट्रीय नोंदीतल्या इतर रुग्णांत ते २.४ टक्के होतं. आतड्याची कापलेली टोकं जिथे जोडतात तो जोड गळून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाणही जवळजवळ दुप्पट होतं. नॉर्वेने ही पद्धत थांबवली.

कारण काय असावं? पहिला संशय त्या गोल टाक्यावर गेला. तो घट्ट बसला नाही, किंवा मध्येच सुटला, तर आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशी वायूच्या झोताबरोबर पोकळीत पसरू शकतात. पद्धतीतली एक छोटी पायरी, पण ती चुकली तर परिणाम वर्षाने दिसतो. नेदरलँड्समध्ये १२ रुग्णालयांतल्या प्रत्येकी पहिल्या दहा रुग्णांचा हिशोब केला, तेव्हा तिथेही त्या भागात आजार उलटण्याचं प्रमाण १० टक्के आलं. सराव वाढलेल्या केंद्रांत ते बरंच खाली गेलं. आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या १,११५ रुग्णांच्या चाचणीत सरावलेल्या सर्जनांकडे ही पद्धत साध्या दुर्बिणीच्या तोडीस तोड ठरली. तीन वर्षं आजाराविना असलेले रुग्ण ८२.१ टक्के आणि ७९.४ टक्के.

एकाच पद्धतीने एका देशात नुकसान केलं आणि दुसऱ्या देशात चांगलं काम केलं. त्या पहिल्या दहांपैकी प्रत्येक जण कुणाचा तरी बाप होता, कुणाची तरी आई. म्हणूनच ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं केली आहेत?’ हा प्रश्न विचारताना संकोच करू नये असं मला फार वाटतं. चांगले सर्जन या प्रश्नाने दुखावत नाहीत.

मध्येच पोट उघडलं तर ऑपरेशन फसलं का?

रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील किंवा थर सापडत नसेल, तर सर्जन पोट उघडतात. घरच्यांना बाहेर हा निरोप मिळतो तेव्हा पोटात गोळा येतो. दुर्बिणीने सुरू करून उघडाव्या लागलेल्या रुग्णांना त्रास थोडा जास्त होतो आणि मुक्कामही वाढतो, हे खरं. पण अडल्यावरही छिद्रांतूनच रेटत राहणं त्याहून धोक्याचं. संमतिपत्रावर सही करण्याआधीच ‘कोणत्या परिस्थितीत तुम्ही पोट उघडाल?’ हे विचारून ठेवा.

लवकर घरी जाणं हे फक्त छोट्या छिद्रांमुळे होतं का?

अर्धंच खरं. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची रीतच बदलली. दिवसच्या दिवस उपाशी ठेवायचं नाही, सलाइनचा मारा करायचा नाही, नाकातली नळी उगाच ठेवायची नाही, वेदना नीट आटोक्यात ठेवून दुसऱ्या दिवसापासून चालवायचं. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत दुर्बीण आणि ही रीत एकत्र असलेल्या रुग्णांचा मुक्काम ५ दिवस होता, पोट उघडून जुन्या रीतीने सांभाळलेल्यांचा ७. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि भूलतज्ज्ञ चांगले असतील तर साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही माणूस लवकर उभा राहतो.

शिवाय बाहेरची जखम छोटी म्हणून आतलं ऑपरेशन छोटं होत नाही. आत तेवढंच आतडं कापलं जातं, तोच जोड दिला जातो. हा जोड गळणं ही गुदाशयाच्या ऑपरेशनमधली सर्वांत धास्तीची गुंतागुंत, आणि ती कोणत्याही पद्धतीत होते. पाचव्या दिवशी ताप, पोटदुखी, धाप लागली तर ‘छोटंच ऑपरेशन होतं’ म्हणून घरी वाट बघू नका.

जोड वाचवण्यासाठी अनेकदा पोटावर काही महिने शौचाची पिशवी लावतात. रोबोने केलं की पिशवी टळते असं काही जणांना सांगितलं जातं. पिशवी लागेल का, हे मुख्यतः गाठ गुदद्वाराच्या किती जवळ आहे आणि आधी शेक (रेडिएशन) दिला आहे का, यावर ठरतं. पिशवी काढल्यावरही पुष्कळांना दिवसात अनेकदा, घाईची शौच होते. अनेकांच्या बाबतीत वर्ष-दीड वर्षात ते कमी होतं. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींबद्दल आपल्याकडे रुग्ण बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. त्यावर उपाय असतात, म्हणून बोला.

आणि ऑपरेशनच नको असेल तर?

काहींच्या बाबतीत ही शक्यता आहे. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये दाखवलं की शेक आणि केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर निवडक रुग्णांना ऑपरेशन न करता काटेकोर देखरेखीखाली ठेवता येतं. देखरेख म्हणजे ठरलेल्या तारखांना तपासणी, गुदद्वारातून दुर्बीण आणि एमआरआय, न चुकता. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्याला ते जमेल का, याचा प्रामाणिक विचार आधी करावा लागतो. अगदी सुरुवातीची छोटी गाठ असेल तर ती गुदद्वारातून तेवढीच काढता येते.

खर्चाचं काय?

साध्या दुर्बिणीपेक्षा रोबोचा खर्च जास्तच असतो, कारण यंत्र महाग आणि त्याची हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विमा कंपन्यांनी वगळू नये असं सांगितलं, त्यांत रोबोटिक सर्जरी आहे. पण कंपन्या त्यावर मर्यादा घालू शकतात. ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत ही मर्यादा विमा रकमेच्या ५० टक्के आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन करणार असाल तर कोणती पद्धत बसते आणि वरचे पैसे कुणी भरायचे, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच स्पष्ट करून घ्या.

माझं मत सांगतो. गाठ खालच्या गुदाशयात असेल, रुग्ण पुरुष आणि अंगाने जाड असेल, सर्जन रोबोवर सरावलेले असतील आणि पैसा उपलब्ध असेल, तर रोबोचा विचार जरूर करावा. पण त्यासाठी शेत विकू नये, दागिने गहाण टाकू नयेत. ते पैसे नंतरच्या केमोला, प्रवासाला आणि तपासण्यांना लागणार असतात, आणि केमो अर्धवट सुटण्याचं नुकसान साध्या दुर्बिणीने ऑपरेशन करण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे.

सर्जनसमोर बसल्यावर

गुदाशयाचा एमआरआय झाला आहे का आणि त्यात गाठ आवरणाच्या कडेपासून किती लांब दिसते, हे पहिलं विचारा. आधी शेक-केमो द्यायचा की थेट ऑपरेशन करायचं, हा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर असतो, आणि तो सर्जन, केमोचे डॉक्टर, शेकाचे डॉक्टर यांनी एकत्र बसून घ्यायला हवा. मग विचारा: गुदाशयाची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता, त्यातली या पद्धतीने किती, जोड गळण्याचं तुमचं प्रमाण काय, आणि तुमच्या आईवडिलांना हा आजार असता तर तुम्ही यातली कोणती पद्धत निवडली असती?

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांत पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो. बहुतेक घरांत तो फाइलीत जातो आणि फक्त कितवी स्टेज एवढंच विचारलं जातं. त्यात आणखी तीन गोष्टी शोधा: कडा मोकळ्या आहेत का आणि किती मिलिमीटरने, आवरण पूर्ण निघालं आहे असं लिहिलं आहे का, आणि लसिकाग्रंथी किती तपासल्या. साधारण १२ तरी तपासलेल्या असाव्यात, मात्र आधी शेक-केमो झाला असेल तर कमी सापडू शकतात. यातलं काही लिहिलेलं नसेल तर सर्जनना सांगून पॅथॉलॉजिस्टकडून भरून घ्या. काढलेला भाग प्रयोगशाळेत काही आठवडेच जपून ठेवतात, त्यामुळे हे पहिल्याच भेटीत करा.